अडकलेलें वाहन आणि गरीब मालक

नाशिकजवळच्या अंबड औद्योगिक वसाहतींतील कामगाराची दुचाकी किंवा तेथल्या रिक्षावाल्याची रिक्षा पोलिसांनीं ओढून नेली, म्हणजे वाहनाबरोबर त्या घरची रोजीही अडकते. अशा वेळीं मालक घाबरून ओळखीपाळखी शोधीत हिंडतो. वास्तविक त्यानें प्रथम एकच गोष्ट विचारून घ्यावी: वाहन कोणत्या कलमाखालीं नेलें? कारण कलम निराळें, तसें सुटकेचें दारही निराळें.

हीं दारें मुख्यतः तीन आहेत. मनाई असलेल्या जागीं उभें केलेलें वाहन मोटार वाहन कायदा, 1988 याच्या कलम 127 अन्वयें ओढून नेतां येतें. येथें दंड व ओढून नेण्याचा खर्च भरला कीं काम भागतें. चालकाचा परवाना, नोंदणी किंवा परमिट नाहीं म्हणून कलम 207 खालीं वाहन अटकावलें असेल, तर योग्य कागदपत्रांसह परिवहन अधिकाऱ्याकडे अर्ज करावा.

तिसरें दार न्यायालयाचें. गुन्ह्याच्या तपासांत जप्त झालेलें वाहन न्यायदंडाधिकाऱ्याच्या आज्ञेनें परत मिळतें. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता 1 जुलै 2024 पासून अमलांत आली. तिचीं कलमें 497 व 503 या कामीं उपयोगी पडतात. मालकी सिद्ध झाल्यास खटला संपेपर्यंत वाहन मालकाच्या हवालीं करतां येतें. यासच कचेरीच्या भाषेंत सुपूर्तनामा म्हणतात. वाहन विकणार नाहीं, त्याचें रूप बदलणार नाहीं व बोलावतांच हजर करीन, अशी हमी मालक लिहून देतो.

खटला लांबला म्हणून वाहनानें ठाण्याच्या आवारांत गंजत पडावें, असा कायद्याचा हेतु नाहीं. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणीं सर्वोच्च न्यायालयानें 2002 सालीं सांगितलें कीं, पंचनामा व छायाचित्रें करून पुरावा राखावा आणि योग्य जामीन घेऊन वाहन सत्वर सोडावें.

उरतो प्रश्न वकिलाच्या फीचा. विधि सेवा प्राधिकरण कायदा, 1987 याच्या कलम 12 मध्यें स्त्रिया, अनुसूचित जातिजमातींतील व्यक्ति आणि औद्योगिक कामगार यांस उत्पन्नाची अट न घालतां विनामूल्य विधिसाहाय्यास पात्र मानलें आहे. महाराष्ट्रांत इतरांस वार्षिक उत्पन्नाची 3 लाख रुपयांची मर्यादा आहे. अंबडच्या कामगारानें नाशिकच्या जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे हा अर्ज करावा. मात्र जप्तीचा कागद, नोंदणीपत्र, विमा व ओळखपत्र घेऊन लौकर जावें. उभ्या गाडीचें मोल दिवसेंदिवस उतरत जातें आणि घरची चूल तेवढे दिवस थांबत नाहीं.