प्रतीक्षेचे अर्थशास्त्र आणि विनावेतन कारागीर

एखाद्या वस्तूची जाहिरात करावी, गिऱ्हाइकाच्या मनात तिची ओढ निर्माण करावी आणि मग सात वर्षे उलटली तरी ती दुकानात आणू नये, असा व्यवहार किराणा मालाच्या अथवा कापडाच्या बाजारात कोणी सहन करणार नाही. संगणकावरील खेळांच्या बाजारात मात्र तो राजरोस चालतो. अमेरिकेतील बेथेस्डा या कंपनीने ‘एल्डर स्क्रोल्स’ या मालेतील सहाव्या खेळाची घोषणा जून २०१८ मध्ये केली. मालेतील पाचवा खेळ ‘स्कायरिम’ ११ नोव्हेंबर २०११ रोजी प्रसिद्ध झाला होता. त्या वर्षी पहिलीच्या वर्गात बसलेले मूल आता महाविद्यालयात पोचले आहे. सहावा खेळ अद्याप आलेला नाही. आणि तरीही जुन्या खेळाचे गिऱ्हाईक पांगलेले नाही. हे कसे घडते, याचे उत्तर शोधू लागले की करमणुकीचा वाटणारा विषय श्रम आणि मोबदला यांच्या जुन्या वादापाशी येऊन ठेपतो.

या खेळांशी परिचय नसलेल्या वाचकासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. यांत पडद्यावर एक संपूर्ण मुलूख उभा केलेला असतो. त्यात डोंगर, गावे, बाजार, राजे आणि दरोडेखोर असतात. खेळणारा एखादे पात्र धारण करतो आणि मन मानेल तिकडे हिंडतो. कोणी तलवार शिकतो, कोणी मंत्रविद्या. पराक्रम वाढतो तसे सामर्थ्य वाढते. मंत्र म्हटला की तो अद्भुत असणारच. परंतु या अद्भुतालाही हिशेब असतो. प्रत्येक मंत्राला शक्तीचा ठरावीक साठा खर्ची पडतो. हा साठा म्हणजे त्या जगातील चलनच होय. तो अमर्याद झाला तर खेळात राम उरत नाही आणि फार तुटपुंजा ठेवला तर मांत्रिक होण्यात अर्थ उरत नाही. हा तोल साधणे वाटते तितके सोपे नाही.

मंत्रशक्तीची चलनवाढ

२००२ सालच्या ‘मॉरोविंड’ या तिसऱ्या खेळातील उदाहरण अर्थशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला चटकन उमगेल. तेथे वनस्पतींपासून रसायने तयार करता येतात आणि रसायनाचा प्रभाव ते करणाऱ्याच्या बुद्धीवर अवलंबून असतो. मात्र बुद्धी वाढवणारे रसायनही तेथे करता येते. ते प्यावे, वाढलेल्या बुद्धीने अधिक प्रभावी रसायन करावे, तेही प्यावे. असे काही वेळा केले की आकडे कोणत्याही मर्यादेपलीकडे जातात. नोटा छापण्याचे यंत्र एका व्यक्तीच्या हाती लागावे, तसा हा प्रकार. थोड्याच वेळात त्या जगातील कोणतीही गोष्ट दुर्मिळ राहत नाही आणि दुर्मिळता संपली की निवड करण्याचे कारणही संपते.

‘स्कायरिम’मध्ये नेमकी उलट अडचण झाली. तेथे शत्रूवर आग वा वीज सोडणाऱ्या मंत्रांचा मूळ आघात जवळजवळ ठरलेला आहे. मांत्रिकाचे कौशल्य वाढले की मुख्यतः मंत्राचा खर्च कमी होतो. योद्ध्याचे शस्त्र मात्र लोहारकामाने आणि मंतरण्याने अधिकाधिक धारदार करता येते, आणि खेळ पुढे सरकतो तसे शत्रूही बलाढ्य होत जातात. परिणामी पुढच्या टप्प्यात मांत्रिक तुलनेने दुबळा ठरतो. त्यातच मंतरलेली वस्त्रे योग्य रीतीने जमवली तर एखाद्या शाखेच्या मंत्रांचा खर्च शून्यावर आणता येतो. म्हणजे मंत्र फुकट, पण त्यांची क्रयशक्ती जेमतेम. भाव आणि मूल्य यांची इतकी स्पष्ट फारकत पाठ्यपुस्तकातही क्वचितच सापडेल.

दोषांची ही यादी देण्याचे कारण निराळेच आहे. हे दोष दूर करण्याचे काम मोठ्या प्रमाणावर खेळणाऱ्यांनीच अंगावर घेतले. बेथेस्डाने ‘मॉरोविंड’बरोबर खेळ घडवण्याची साधनेही गिऱ्हाइकांच्या हाती दिली; ‘स्कायरिम’साठी तशी साधने २०१२ मध्ये विनामूल्य खुली केली. त्यांच्या साहाय्याने मूळ खेळात केलेल्या फेरफाराला मॉड म्हणतात. हौशी मंडळींनी मंत्रविद्येची घडी नव्याने बसवली, शेकडो चुका दुरुस्त केल्या, अवघडलेल्या याद्या सुटसुटीत केल्या, नवी गावे आणि नव्या कथा रचल्या. जर्मनीतील एका हौशी गटाने ‘स्कायरिम’च्या पायावर ‘एंडेराल’ नावाचे अख्खे निराळे विश्व उभारले आणि २०१६ मध्ये ते मोफत दिले.

फायदा कोणाचा?

येथे प्रतीक्षेचा आणि मॉडचा संबंध ध्यानात येतो. असा खेळ तयार करण्याचा प्रारंभीचा खर्च प्रचंड असतो. एकदा तो तयार झाला की पुढील प्रतीचा खर्च नगण्य. म्हणून जुना खेळ जितकी वर्षे विकला जाईल तितका नफा अधिक. ‘स्कायरिम’च्या सुधारित आवृत्त्या २०१६ आणि २०२१ मध्ये पुन्हा बाजारात आल्या. जुन्या मालाला ताजेपणा आणण्याचे काम गिऱ्हाईक स्वतःच्या वेळात, स्वतःच्या विजेच्या बिलावर करीत असेल, तर नवा माल लवकर आणण्याची निकड कंपनीला का भासावी? लांबलेल्या प्रतीक्षेला मोठे खेळ घडवण्याचा वाढता व्याप आणि कंपनीने मधल्या काळात हाती घेतलेले अन्य खेळ ही कारणे आहेतच. परंतु ती प्रतीक्षा कंपनीला परवडते, याचे श्रेय बऱ्याच अंशी या विनावेतन कारागिरांकडे जाते.

मोबदला देण्याचा प्रयत्न झाला नाही असे नव्हे. २३ एप्रिल २०१५ रोजी बेथेस्डा आणि विक्रीचे दालन चालवणारी व्हॉल्व्ह ही कंपनी यांनी ‘स्कायरिम’चे मॉड पैसे घेऊन विकण्याची मुभा दिली. विक्रीतील २५ टक्के रक्कम मॉड करणाऱ्याला, ३० टक्के दालनाला आणि ४५ टक्के बेथेस्डाला अशी वाटणी होती. ज्याने काम केले त्याचा वाटा सर्वांत लहान! त्यावर एवढा गदारोळ उठला की २७ एप्रिलला ही योजना मागे घ्यावी लागली. ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, ओरड केवळ वाटणीबद्दल नव्हती. एकाचा मॉड दुसऱ्याच्या मॉडवर उभा असतो. मग मालकी कोणाची, दुसऱ्याचे काम उचलून विकणाऱ्याला आवर कोणी घालायचा, असे प्रश्न पुढे आले. सामायिक गायरानावर एकाएकी कुंपण पडावे तसे अनेकांना वाटले.

हौसेने केलेल्या कामाला दाम कशाला, असा युक्तिवाद यावर केला जातो. त्यात तथ्याचा अंश आहे. हौसेतून कौशल्य येते आणि कौशल्यातून कधी उपजीविकाही मिळते. ‘काउंटर-स्ट्राइक’ हा खेळ मुळात हौशी मॉडच होता. ‘स्कायरिम’साठी एका ऑस्ट्रेलियन वकिलाने रचलेल्या ‘द फरगॉटन सिटी’ या मॉडला २०१६ मध्ये तेथील लेखक संघटनेचे पारितोषिक मिळाले आणि २०२१ मध्ये तो स्वतंत्र खेळ म्हणून प्रसिद्ध झाला. तथापि मूठभरांच्या यशावरून संपूर्ण व्यवस्थेला न्याय्य ठरवणे म्हणजे सोडतीत बक्षीस लागलेल्याकडे बोट दाखवून सोडतीला उद्योग म्हणण्यासारखे आहे.

सुदुंबऱ्याचा दाखला

दुसऱ्याच्या कृतीची विनावेतन सेवा मराठी मुलखाला अपरिचित नाही. संत तुकारामांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे यांची समाधी मावळात सुदुंबरे येथे आहे. आपला तेलाचा व्यवसाय सांभाळून त्यांनी हे कार्य केले, असे परंपरा सांगते. पुढे दोनशेहून अधिक वर्षे अभंगांच्या वह्यांच्या नकला होत राहिल्या. सरकारी साहाय्याने गाथेची छापील आवृत्ती १८६९ आणि १८७३ मध्ये दोन भागांत निघाली, तेव्हा संपादकांना देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर अशा ठिकाणच्या पोथ्या जमवून पाठभेद पारखावे लागले. अनेक हातांनी ग्रंथ जगवला आणि त्याच हातांनी त्यात भरही घातली. भक्तीतून झालेले ते लेखन आणि आजचा करमणुकीचा व्यापार यांची बरोबरी करण्याचा येथे हेतू नाही. बोध घ्यायचा तो एवढाच की मूळ कर्ता कोण, लेखनिक कोण आणि भर कोणाची, याची नोंद ठेवणे अगत्याचे असते. मावळाने आपल्या लेखनिकाचे नाव जपले; अगणित नकलकारांची नावे मात्र काळाच्या उदरात गडप झाली.

त्याच सुदुंबऱ्यात आज अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि तेथून जवळच असलेल्या पुण्यात खेळ घडवण्याचा उद्योग रुजला आहे. त्या उद्योगाची दोन चित्रे बोलकी आहेत. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ मालेतील एका जुन्या खेळाच्या नव्या आवृत्तीचे काम आपल्या पुणे आणि मुंबई येथील शाखांकडे दिले होते. सप्टेंबर २०२० मध्ये घोषणा झाली, प्रकाशनासाठी जानेवारी २०२१ ठरला, तो पुढे ढकलला गेला आणि मे २०२२ मध्ये ते काम कॅनडातील मॉन्ट्रियल शाखेकडे गेले. याउलट पुण्यातील नॉडिंग हेड्स या लहान संस्थेने लोकवर्गणीचा २०१७ चा प्रयत्न फसल्यावरही ‘राजी’ हा स्वतःचा खेळ २०२० मध्ये पूर्ण करून जगापुढे ठेवला. पहिल्या चित्रात कसब येथले, पण कृती आणि निर्णय परक्याचे. दुसऱ्यात जोखीम मोठी, पण कृती आपली.

राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये अॅनिमेशन, दृश्य परिणाम आणि खेळ या क्षेत्रांसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले, हे स्वागतार्हच आहे. त्याच्या अंमलबजावणीत केवळ यंत्रसामग्री आणि प्रशिक्षणवर्ग यांवर भर देऊन भागणार नाही. विद्यार्थ्याने केलेला मॉड हा प्रकल्पकार्य म्हणून महाविद्यालयांनी मान्य करावा. भांडवलाशिवाय चालणारी इतकी चांगली कार्यशाळा दुसरी नाही. त्याचबरोबर परवान्याच्या अटी वाचणे, हक्क राखून ठेवणे आणि वाटणीचा करार तपासणे हेही त्याला शिकवले जावे. कंपनीच्या संमतीवाचून आपली मेहनत विकता येत नाही, ही गोष्ट त्याला काम संपल्यावर नव्हे तर हात घालण्यापूर्वी कळली पाहिजे. कुशल कारागीर या जिल्ह्यात तयार होतीलच. आपल्या श्रमाचा हिशेब ते मागू शकतात की नाही, यावर त्या धोरणाचे यश ठरेल.