घरच्या घोड्याचा निवारा

नाशकातले टांगे आता नजरेआड होत चालले, पण घोडे काही संपलेले नाहीत. वरातीला घोडी लागते, मेंढपाळांचा संसार तट्टाच्या पाठीवर चालतो, आणि हौसेने घोडा बाळगणारे शेतकरीही आहेत. जनावर घरी आले की पहिला प्रश्न पडतो, त्याला बांधायचे कुठे? पुष्कळांच्या डोळ्यांपुढे जुन्या वाड्यातली पागा येते : जाड भिंती, एक दार, लहानसा झरोका. तेवढा खर्च झेपत नाही, म्हणून मग गोठ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात घोड्याचे ठाण होते. खरे पाहता या दोहोंपेक्षा सोपी आणि चांगली सोय करता येते.

घोडा हे मूळचे उघड्या माळावरचे जनावर. त्याचे पोट अंगाच्या मानाने लहान. मोकळा असला तर दिवसाचे चौदा-सोळा तास तो थोडेथोडे चरतो आणि चालतो. एका जागी जखडून ठेवला आणि दोनच वेळा पोटभर चंदी दिली, की पोटशूळाचा धोका वाढतो. आपल्याकडची थंडी धडधाकट घोड्याला सहसा बाधत नाही, कारण हिवाळ्यात त्याच्या अंगावर दाट केस येतात. बाधते ती ओल आणि कोंदट हवा. मुतातून निघणारा अमोनिया वायू बंद जागेत साठतो आणि फुप्फुसे बिघडवतो. घोड्याला धाप लागली की त्याचे काम थांबते, आणि त्याच्यावर पोट असलेल्या घराची मिळकतही थांबते.

याची परीक्षा सोपी आहे. पहाटे ठाणावर जा आणि उकिडवे बसा. घोडा उभ्याउभ्या डुलकी घेतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवे व्हावेच लागते. म्हणजे त्याचे नाक रात्री जिथे असते तिथे आपले नाक नेऊन पाहायचे. वासाने डोळे झोंबले, तर जागा बदलली पाहिजे. गुरुजींनी मुलांना ही परीक्षा जरूर सांगावी.

मग बांधायचे काय? तीन बाजू बंद आणि एक उघडी अशी छपरी. एका घोड्याला बारा फूट लांब, बारा फूट रुंद जागा पुरे. आपल्याकडे पावसाची झड बहुधा पश्चिमेकडून येते, आणि दुपारचे ऊनही तिकडूनच. म्हणून छपरीची पाठ पश्चिमेला आणि तोंड पूर्वेला ठेवावे. छप्पर पुढे दहा-अकरा फूट उंच, मागे थोडे उतरते, म्हणजे पागोळ्या मागे पडतात. काळ्या जमिनीत पावसाळ्यात चिखल होतो आणि खूर सडतात. तेव्हा मृगाच्या आधी मुरुमाचा भराव घालून, धुम्मस करून जमीन वीतभर उंच करा. इगतपुरी-त्र्यंबककडे पाऊस फार. तिथे पुढचे छप्पर चार हात अधिक बाहेर काढावे. सिन्नर-येवल्याकडे सावलीची काळजी जास्त घ्यावी.

छपरीपुढे थोडे आवार असावे. घोड्याने हवे तेव्हा बाहेर यावे, हवे तेव्हा आत जावे. कुंपणाला काटेरी तार नको. द्राक्षबागेतले जुने अँगल आणि गंजके पत्रेही नकोत. घोड्याला धनुर्वात चटकन होतो, म्हणून गुरांच्या डॉक्टरांकडून त्याची लस टोचून घ्या. शोभेसाठी कण्हेर लावू नका, तिची थोडी पानेही घोड्याचा जीव घेतात.

गवताची गंजी छपरीपासून लांब रचावी. १६७४ च्या सुमारास चिपळूणजवळ छावणी केलेल्या लष्कराला शिवाजी महाराजांनी पाठवलेल्या पत्रात हीच काळजी आहे. गवताजवळ चूल, चिलीम, दिवा यांनी आग लागेल आणि घोडी जातील, असे त्यांनी बजावले होते. आज दिव्याच्या जागी विजेची उघडी तार आहे, एवढाच फरक.

ज्यांच्याकडे गोठाच आहे, त्यांनी भिंतीचा वरचा अर्धा भाग काढून वारा आत येऊ द्यावा. ज्यांच्याकडे आवार नाही, त्यांनी घोड्याला सकाळ-संध्याकाळ बाहेर फिरवावे. अगाडी-पिछाडी लावून दिवसभर बांधून मात्र ठेवू नये.