टेम्पोला मागचा डोळा हवा का?

व्यापारी पेठेतील सकाळ टेम्पोच्या आवाजाने सुरू होते. परगावाहून आलेल्या गाठी उतरवून घ्यायच्या असतात, किरकोळ दुकानदारांचा माल वेळेत पोहोचवायचा असतो आणि गोदामाकडे जाणारी गल्ली मात्र अरुंद. तेथे टेम्पो वळत नाही, तो उलटाच आत न्यावा लागतो. मागे उभा असलेला हमाल पत्र्यावर थाप मारीत ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणतो, चालक दोन्ही बाजूंच्या आरशांत पाहतो आणि उरलेले सरावावर सोपवतो. वर्षानुवर्षे हे असेच चालत आले आहे. म्हणूनच घरातील तरुण मुलगा ‘टेम्पोला मागे कॅमेरा बसवू या’ असे सुचवतो, तेव्हा वडिलांच्या तोंडून सहज प्रश्न निघतो, ‘आजवर काय अडले?’

प्रश्न रास्त आहे. व्यापारी माणूस कोणतीही वस्तू नवी आहे एवढ्याच कारणाने घेत नाही आणि घेऊही नये. तेव्हा हा निर्णयही हिशेबाच्या चोख पद्धतीनेच व्हावा, हे उत्तम.

आरशात न येणारी जागा

मोटारीत चालकाच्या डोक्याजवळच्या आरशातून मागच्या काचेपलीकडचे थोडेफार दिसते. बंद बॉडीच्या टेम्पोत ती सोय नाही. मागे काच नसते, आणि उघड्या टेम्पोतही पोती वा गाठी रचल्या की दृष्टी तेथेच अडते. बाजूचे आरसे गाडीच्या दोन्ही कडा दाखवतात. बरोबर पाठीमागची जागा मात्र कोणत्याच आरशात येत नाही. तेथे उभा असलेला मोठा माणूसही चालकाला दिसत नाही, मग खाली पडलेला चेंडू उचलायला वाकलेले मूल कोठून दिसणार?

अनेक व्यापारी कुटुंबांत आजही खाली दुकान, वर घर आणि मागे गोदाम अशी मांडणी असते. टेम्पो जेथे मागे येतो, तेच घरातील मुलांचे अंगण असते. पहाटे देवदर्शनाला निघालेले आजोबा त्याच बोळातून जातात. बाहेरच्या रस्त्यापेक्षा या घरच्या जागेत सारेच निर्धास्त असतात, आणि धोका याच निर्धास्तपणात आहे.

एका पित्याचे दुःख आणि एक कायदा

अमेरिकेत या धोक्याची नोंद एका घरच्याच दुर्घटनेमुळे झाली. न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंड येथे २००२ साली एक बालरोगतज्ज्ञ आपल्या घरासमोर गाडी मागे घेत असताना त्यांचा दोन वर्षांचा मुलगा कॅमेरॉन गुलब्रान्सन त्या गाडीखाली सापडून दगावला. पुढे या पित्याने व इतर पालकांनी पाठपुरावा केला आणि २००८ साली कॅमेरॉनच्याच नावाने कायदा झाला. तेथील वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या अंदाजानुसार गाडी मागे घेताना दर वर्षी सरासरी २१० माणसे मृत्युमुखी पडत होती आणि सुमारे १५,००० जखमी होत होती. मृतांमध्ये सुमारे ३१ टक्के पाच वर्षांखालील मुले होती, तर २६ टक्के सत्तर वर्षे वा त्याहून अधिक वयाची माणसे. म्हणजे निम्म्याहून अधिक बळी घरातील नातवंडांच्या आणि आजी-आजोबांच्या वयाचे होते.

१ मे २०१८ पासून अमेरिकेत सुमारे साडेचार टनांपेक्षा कमी वजनाच्या प्रत्येक नव्या गाडीला मागील दृश्य दाखवणारी व्यवस्था सक्तीची झाली. गाडीमागची १० फूट रुंद व २० फूट लांब जागा चालकाला पडद्यावर दिसली पाहिजे आणि रिव्हर्स गिअर टाकल्यापासून दोन सेकंदांच्या आत दिसली पाहिजे, असा तेथील नियम आहे. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून सर्व नव्या मोटारी, बस व मालट्रक यांना कॅमेरा किंवा सेन्सर आवश्यक आहे. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींना मागे घेताना इशारा देणारे सेन्सर अनिवार्य झाले. गोदामात दहा वर्षे राबणाऱ्या जुन्या टेम्पोला मात्र अशी सक्ती नाही. तेथे निर्णय मालकाचाच.

जमा आणि खर्च

खर्चाची बाजू लहान आहे. तारेने जोडलेला साधा कॅमेरा व छोटा पडदा काही हजार रुपयांत बसतो. जमेच्या बाजूला प्रथम रोजचे किरकोळ नुकसान धरावे: शेजाऱ्याच्या भिंतीला लागलेला धक्का, वाकलेले शटर, फुटलेला मागचा दिवा. अशा दुरुस्तीसाठी विम्याचा दावा केला, तर पुढील नूतनीकरणाच्या वेळी दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत हातची जाते. म्हणून बहुतेक जण ती दुरुस्ती खिशातूनच करतात आणि तिची बेरीज कधी मांडत नाहीत. मागील दोन वर्षांतील अशी बिले एकत्र काढून पाहिली, तर हिशेबाचा एक भाग तेथेच सुटतो.

दुसरा भाग रुपयांत मांडता येत नाही. अपघात झाला की बोट चालकाकडे वळते. पोलीस ठाण्यात तो उभा राहतो, परवाना त्याचा अडकतो आणि आयुष्यभराची टोचणी त्यालाच लागते. परंतु गाडी मालकाची, गल्ली मालकाची आणि घाईही बहुधा मालकाचीच असते. ज्याला मागचे दिसत नाही, त्याच्याकडून मागची जबाबदारी मागायची असेल, तर आधी त्याला दिसण्याची सोय करून देणे न्यायाचे ठरते.

कॅमेऱ्याची निकड सर्वांना सारखी नसते, हेही मान्य केले पाहिजे. प्रशस्त आवार, माल भरायला ठरलेला फलाट, मुलाबाळांची ये-जा नाही आणि मागे नेहमी जाणता माणूस उभा, अशा ठिकाणी सध्याची शिस्त सांभाळली तरी बरेच साधते. गाडी भाड्याची असेल, तर वाहतूकदाराकडे कॅमेरा असलेल्या गाडीची मागणी करता येते.

बसवताना घ्यावयाची काळजी

कॅमेरा मागच्या फाळक्यावर बसवू नये. फाळका खाली सोडला की कॅमेऱ्याचे तोंड जमिनीकडे होते आणि रोजच्या उघडझापीत तार तुटते. तो बॉडीच्या पक्क्या चौकटीवर, शक्य तितका उंच आणि किंचित खाली झुकलेला असावा, म्हणजे मागील बंपरची कडाही चित्रात येते. बिनतारी कॅमेरा बसवायला सोपा, पण लोखंडी बॉडीमुळे त्याचा संदेश क्षीण होऊ शकतो. लांब गाडीला तारेचा कॅमेरा अधिक भरवशाचा. लहान टेम्पोत साधारणतः १२ व्होल्टची आणि मोठ्या मालट्रकमध्ये २४ व्होल्टची वीजव्यवस्था असते, त्यामुळे संच घेण्यापूर्वी हे तपासून घ्यावे.

पडद्यावरील चित्र आरशाप्रमाणे उलटे असावे लागते, म्हणजे गाडीची डावी बाजू पडद्यावरही डावीकडेच दिसते. ही जुळणी चुकली, तर अनुभवी चालकाचाही हात भलतीकडे वळतो. शिवाय रुंद कोनाच्या भिंगातून वस्तू आहे त्यापेक्षा दूर भासते. यावर सोपा उपाय आहे. बसवल्यानंतर गाडीमागे जमिनीवर खडूने एक, दोन व तीन मीटरवर रेघा ओढाव्यात आणि त्या पडद्यावर कोठे दिसतात, हे चालकाने नीट पाहून ठेवावे. पंधरा मिनिटांच्या या सरावाने पडद्यावरचे अंतर डोळ्यात बसते.

कॅमेऱ्यालाही न दिसणारे

येथे सावध राहावे लागते. कॅमेरा मागे पाहतो. गाडीखाली व चाकांपाशी पाहत नाही. छपराचा पुढे आलेला पत्रा किंवा वरून गेलेली तार त्याच्या नजरेत बहुधा येत नाही. गाडी मागे वळताना तिचे तोंड दुसऱ्या बाजूला फिरते, तेही तो दाखवत नाही. पावसाळ्यात चिखलाचा एक शिंतोडा पुरेसा होतो आणि पडद्यावर धुके दाटते. मागचा दिवा लागण्याची जोडणी बिघडली, तर त्याच तारेवर चालणारा पडदाही उजळत नाही.

वीस वर्षे टेम्पो चालवणारा चालक ‘शेठ, मला कशाला हवा पडदा?’ असे म्हणतो, तेव्हा त्यात थोडा मानापमान असला, तरी थोडे शहाणपणही असते. पडदा आला म्हणून मागचा माणूस हटवला, तर एक डोळा देऊन दुसरा काढून घेतल्यासारखे होईल. म्हणून कॅमेरा बसवण्यापूर्वी चालकाशी बोलावे, जागा त्याच्या सल्ल्याने ठरवावी आणि मागे उभा राहणारा माणूस तसाच ठेवावा. त्या माणसाने गाडीच्या थेट मागे न राहता बाजूला, आरशात चालकाला दिसेल असे उभे राहावे.

कॅमेरा घेतला वा न घेतला, तरी एक नियम प्रत्येक गोदामाला परवडणारा आहे. गाडी सुरू करण्यापूर्वी चालकाने तिच्याभोवती एक फेरी मारावी. भिंगावरची धूळ फडक्याने पुसली जाते, मागे खेळणारे मूल दिसते आणि चाकाच्या सावलीत निजलेले कुत्र्याचे पिल्लूही वेळेवर उठवता येते. या फेरीला फार तर एक मिनिट लागते, आणि माल पोहोचायला तेवढा उशीर झाला म्हणून कोणताही ग्राहक तुटत नाही.