अकराने भाग जाणारी किल्ली

बायोस अपडेट झालं किंवा मदरबोर्ड बदलला की कधीकधी लॅपटॉप निळा पडदा दाखवतो आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. पासवर्ड तोंडपाठ असतो, पण इथे तो चालत नाही. आपली डिस्क कुलूपबंद आहे, हे अनेकांना त्या क्षणीच कळतं. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून (२०२४) नव्याने बसवलेल्या संगणकावर मायक्रोसॉफ्ट खातं जोडलं की बहुतेकदा हे कुलूप आपोआप लागतं.

डिस्क उघडणारी खरी किल्ली डिस्कवरच असते, पण डबीत बंद. अशा दोन डब्या असतात, दोन्हींत तीच किल्ली. पहिली डबी टीपीएम नावाची चिप उघडते. संगणक सुरू होताना ती प्रत्येक टप्प्याचं माप नोंदवते आणि ते आधीच्या मापाशी जुळलं तरच किल्ली सोडते. चोर आणि दुरुस्तीवाला यांतला फरक तिला कळत नाही. माप जुळलं नाही की मग उरते दुसरी डबी, ४८ आकड्यांनी उघडणारी.

हे आकडे मोठे गमतीचे आहेत. सहा-सहाचे आठ गट, आणि प्रत्येक गटाला ११ ने निःशेष भाग जातो. ४१७२४१ घ्या: एकाआड एक आकड्यांच्या बेरजा १५ आणि ४, फरक ११. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन वेगळे आकडे उलटसुलट झाले, तर हा हिशेब बिघडतो आणि संगणक त्या गटापाशीच अडतो. शाळेतली विभाज्यतेची कसोटी अशी कामी येते! ११ ने भागल्यावर प्रत्येक गटातून १६ बिट उरतात. आठ गटांचे १२८. शक्यता किती? ३४ वर ३७ शून्यं. अंदाजाने उघडण्याचा नाद सोडा.

या आकड्यांची प्रत मायक्रोसॉफ्ट खात्यात असू शकते. पण त्या खात्यात शिरायचा कोड जर याच लॅपटॉपवरच्या ईमेलमध्ये येणार असेल, तर किल्ली कपाटात आणि कपाट बंद. आजच फोनवरून खातं उघडून पाहा. शिवाय हे आकडे कागदावर छापा, शेजारी की आयडीची, म्हणजे त्यांच्या ओळखक्रमांकाची, पहिली आठ अक्षरं लिहा. पडद्यावरही तीच दिसतात, त्यामुळे घरात तीन लॅपटॉप असले तरी घोळ होत नाही. इंकजेटची शाई पावसाळ्यात पसरते, म्हणून कागद प्लास्टिकच्या पिशवीत.

लॅपटॉपच्या बॅगेत मात्र नको. दूर कुठे ठेवायला हरकत नाही: डिस्क हाती नसलेल्याला या आकड्यांचा काडीचा उपयोग नाही. पुण्यातल्या लॅपटॉपची एक प्रत नाशिकला बहिणीच्या कपाटात, विम्याच्या कागदांत, खुशाल राहू द्या.