हाताला कळतं ते: अंतोनियो तेनोरियो आणि दृष्टिहीनांचा ज्युदो

‘माहीत असणं’ आणि ‘करता येणं’ यांत फरक असतो, हे आपण नेहमी म्हणतो. आज हा फरक ज्युदोच्या मॅटवर जाऊन पाहू.

अंतोनियो तेनोरियो हा ब्राझीलचा ज्युदोपटू, जन्म 1970चा. लहानपणीच ज्युदो शिकू लागला. तेराव्या वर्षी गलोलीच्या खेळात एरंडाची बी लागून डावा डोळा गेला. एकोणिसाव्या वर्षी संसर्गाने उजवाही गेला. त्यानंतरची कारकीर्द पाहा: अटलांटा 1996, सिडनी 2000, अथेन्स 2004, बीजिंग 2008 या सलग चार पॅरालिम्पिकमध्ये सुवर्ण. 2012मध्ये लंडनला कांस्य, आणि 2016मध्ये रिओत, म्हणजे मायदेशात, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी रौप्य.

हे ऐकलं की आपण पटकन म्हणतो, ‘डोळे नसूनही केवढं केलं!’ कौतुक खरंच आहे. पण या ‘नसूनही’मध्ये एक गृहीतक दडलेलं आहे. ज्युदो हा मुळात डोळ्यांचा खेळ, आणि याने तो डोळ्यांशिवाय कसाबसा निभावला, असं आपण धरून चालतो. ते तपासून पाहू.

दृष्टिहीनांच्या ज्युदोत एक ठळक नियम वेगळा आहे. सामना सुरू होतानाच दोघांनी एकमेकांचं जाकीट धरलेलं असतं, एक हात बाहीला, दुसरा कॉलरपाशी. उभ्याने खेळताना पकड पूर्ण सुटली, तर पंच ‘मात्ते’ म्हणजे ‘थांबा’ म्हणतात आणि पुन्हा मध्यावर आणून पकड देतात. फेक त्याच, गुण देण्याची पद्धत तीच.

आता पकड घेतल्यावर काय होतं? समोरच्याने वजन डाव्या पायावर टाकलं, की त्याची बाही किंचित ताणली जाते. तो क्षण साधून त्याचा तोल ढळवायचा. जपानीत याला ‘कुझुशी’ म्हणतात. ही खबर मुख्यतः हातातून येते. डोळस खेळाडूसुद्धा अशा वेळी पायाकडे बघत बसत नाही; बघेपर्यंत संधी गेलेली असते. देकार्तने 1637मध्ये आंधळ्याच्या काठीचं उदाहरण दिलं होतं: काठीच्या टोकाला जे लागतं, ते त्याला जणू दिसतं. इथे प्रतिस्पर्ध्याचं जाकीट हीच काठी, फरक इतकाच की ही काठी उलट ओढते!

मग दृष्टीने काहीच फरक पडत नाही का? पडतो, आणि इथे आपण भाबडं होऊन चालणार नाही. तोल सांभाळायला डोळ्यांची मदत होते, मॅटवर आपण कुठे आहोत याचं भान राहतं. शिकताना तर नक्कल करता येते. तेनोरियोने पहिले धडे डोळे शाबूत असताना घेतले होते, हे विसरू नये. जन्मांध मुलाला तीच फेक गुरूच्या अंगाला हात लावून, टप्प्याटप्प्याने शिकावी लागते.

पूर्वी पूर्ण अंध आणि अंशतः दिसणारे एकाच गटात लढत. तेनोरियोची ही सारी पदकं त्या काळातली. 2022पासून दोन वर्ग झाले: जे-1 पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण अंधांचा, जे-2 अंशतः दिसणाऱ्यांचा. याच जे-1मध्ये, 60 किलो गटात, मध्य प्रदेशच्या सिहोरच्या कपिल परमारने 2024मध्ये पॅरिसला कांस्य मिळवलं. पॅरालिम्पिक ज्युदोतलं भारताचं ते पहिलं पदक.

कोणी विचारेल, तेनोरियो एकत्र गटात जिंकला, मग वेगळा वर्ग कशाला? तर एका असामान्य माणसाच्या यशावरून नियम ठरवला, की बाकीच्यांवर अन्याय होतो. ‘त्याला जमलं, तुला का नाही?’ हा प्रश्न आपल्याकडे अपंग मुलांना फार सहज विचारला जातो. त्या मुलाला पहिली पकड कोणी दिली का, हे आधी विचारायला हवं.

आज इथेच थांबू.