नेट बंद पडलं तर दोन ऑफिसमधला कॉल जाणार कुठून?

व्हिडिओत आपण दोन ठिकाणचे आयपी पीबीएक्स एकमेकांना जोडले. समजा, ऑफिस पुण्यात आणि गोडाउन चाकणला. पुण्यातून 301 लावलं की चाकणला रिंग वाजते, कॉल इंटरनेटवरून जातो. चाकणचं नेट बंद पडलं तर? बरेच जण सांगतात, "सर, रूटमध्ये दुसरी ट्रंक टाकलीय की!" टाकलीय, पण पहिली बंद आहे हे पीबीएक्सला कळायला नको का?

खरी गोम इथेच आहे. समोरून काहीच उत्तर आलं नाही, तर एसआयपीच्या मूळ नियमाप्रमाणे पीबीएक्स 32 सेकंद वाट बघतो आणि मग दुसऱ्या ट्रंककडे वळतो. गिऱ्हाईक होल्डवर आहे, तुमचा माणूस "माल आहे का" विचारायला गोडाउनला फोन लावतोय, आणि कानात नुसती शांतता. दोघंही त्याआधीच फोन ठेवणार. ऑर्डर गेली ती गेलीच.

म्हणून फ्रीपीबीएक्समध्ये चाकणच्या ट्रंकवर क्वालिफाय चालू ठेवा. 30 टाकलंत तर पीबीएक्स दर 30 सेकंदांनी पलीकडे "आहेस का?" विचारतो. उत्तर आलं नाही की ट्रंक बंद धरतो, आणि पुढचा कॉल थेट दुसऱ्या वाटेने जातो. मधल्या काळात एखादा कॉल अडकेल, तेवढं चालवून घ्यायचं.

दुसरी वाट म्हणजे तुमची साधी टेलिफोन लाइन. तिला 301 कळत नाही. त्या ट्रंकच्या नंबर बदलायच्या नियमात 301 च्या जागी पूर्ण नंबर लिहा. मी तर गोडाउनवाल्याचा मोबाइलच टाकायला सांगेन, कारण चाकणला लाइट गेली आणि यूपीएस संपला की तिथला पीबीएक्सही बंद.

आणि हो, पुण्यातली टेलिफोन लाइन नेटच्याच फायबरवरून येत असेल, तर पुण्याची केबल तुटल्यावर दोन्ही एकदम जातील. बिलं दोन येतात म्हणून लाइनी दोन असतात असं नाही!

टेस्ट जेवणाच्या सुट्टीत करा. चाकणच्या राउटरची नेटची वायर काढा, मिनिटभर थांबा, पुण्याहून 301 लावा आणि घड्याळ बघा. मग पुण्याची वायर काढून चाकणहून उलटा कॉल करा. तिकडचा रूट वेगळा लिहावा लागतो, आणि तोच हमखास राहून जातो.