टेप बंद केला म्हणजे वीज बंद झाली नव्हे



गळीत हंगाम सुरू झाला की केन यार्डात उसाच्या आधी गाणी येतात. ट्रॅक्टर अजून वळणावर असतो, पण कोणाचा आला ते आवाजावरून कळते. छताला स्पीकर, सीटमागे अँप्लिफायर आणि बॅटरीपासून तिथपर्यंत गेलेली जाड लाल तार. रात्रीच्या खेपेला डुलकी लागू नये म्हणून पोरं टेप लावतात. बेताच्या आवाजात लावला तर कोणाची हरकत नाही. पण हीच पोरं अँप्लिफायर काढायला बसली की आम्हा वर्कशॉपमधल्या माणसांच्या पोटात गोळा येतो.

एकदा यार्डात नंबरला उभ्या असलेल्या ट्रॅक्टरवर एक ड्रायव्हर बिघडलेला अँप्लिफायर काढत होता. चावी बंद, टेप बंद. पाना घेऊन त्याने बॅटरीचे प्लस टोक सैल करायला घेतले आणि पान्याचे दुसरे टोक बॉनेटच्या पत्र्याला लागले. कडाडून जाळ झाला. पान्याला खाच पडली, बोटे भाजली. मागे दोन ट्रॉल्या ऊस, खाली वाळलेले पाचट. शेजारच्यांनी पडलेल्या ठिणग्या पायाने विझवल्या म्हणून निभावले. पोरगा एकच म्हणत होता, "काका, टेप तर बंद केला होता की!"

चूक नेमकी इथेच होते. टेपकडून अँप्लिफायरला जी बारीक तार जाते ती फक्त 'जागा हो' आणि 'झोप' एवढाच निरोप देते. जाड लाल तार थेट बॅटरीवरून येते. चावी काढून खिशात घातली तरी त्या तारेत वीज असतेच.

दुसरा गैरसमज म्हणजे, "१२ व्होल्टला काय घाबरायचे? शॉक थोडाच बसतो!" शॉक बसत नाही हे खरे. पण हिशेब करून पाहा. ५०० वॉटचे उपकरण घरच्या २३० व्होल्टवर दोन-सव्वादोन अँपिअर ओढते. तेवढ्याच वॉटला १२ व्होल्टवर चाळीसच्या वर अँपिअर लागतात. आणि पान्याने बॅटरी शॉर्ट झाली तर करंट शेकडो अँपिअरवर जातो. अंगठी किंवा कडे मध्ये सापडले तर क्षणात लाल होते. शिवाय चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. तो साचलेला असताना ठिणगी पडली तर बॅटरी फुटून तेजाब अंगावर उडते.

म्हणून अँप्लिफायर काढताना हा क्रम मोडू नये :

१) ट्रॅक्टर पाचटापासून दूर, मोकळ्या जागी उभा करा. इंजिन, चावी, टेप बंद. हातातली अंगठी, कडे, घड्याळ काढा. इंजिन चालू असताना बॅटरी कधीही सोडवू नये. अल्टरनेटर आणि टेप दोन्ही जळू शकतात.

२) बॅटरीचे मायनस टोक आधी सोडवा. ज्या टोकाची तार चेसिसला बोल्टने बांधलेली असते, ते हे टोक. हे सोडवताना पाना पत्र्याला लागला तरी काही होत नाही, कारण पत्राही मायनसच आहे. प्लसला आधी हात घातला तर मात्र वरच्यासारखा प्रसंग होतो. सुटलेली तार कापडात गुंडाळून बाजूला बांधा. गाण्यांसाठी दुसरी बॅटरी बसवली असेल तर तिचेही मायनस सोडवा. एक जरी राहिली तरी तारा जिवंतच.

३) आता लाल तारेवरचा फ्यूज काढा. तो बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत असलाच पाहिजे. नुसता फ्यूज काढून भागत नाही, कारण बॅटरी ते फ्यूज हा तुकडा जिवंत राहतो.

४) पाचेक मिनिटे थांबा. डब्यासारखा मोठा कपॅसिटर लावला असेल तर तो बॅटरी सुटल्यावरही भरलेला राहतो. त्याच्या दोन टोकांना इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब लावा. बल्ब पेटेल, मंद होत विझेल; मगच हात घाला. पान्याने शॉर्ट करून तो रिकामा करू नये.

५) मग अँप्लिफायरची लाल तार, निरोपाची बारीक तार, टेपकडून आलेल्या गाण्याच्या पिना आणि सर्वांत शेवटी अर्थिंगची काळी तार सोडवा. वीज चालू ठेवून काळी तार आधी काढली तर करंट गाण्याच्या पिनांतून परतीची वाट शोधतो आणि टेप जळतो.

६) उघड्या टोकांना इन्सुलेशन टेप गुंडाळा. अँप्लिफायर न बसवताच ट्रॅक्टर चालवायचा असेल तर लाल तार बॅटरीवरूनही काढून टाका. लोंबती ठेवलेली तार खाचखळग्यांत घासून पत्र्याला लागते.

जोडताना क्रम उलटा : बॅटरीचे मायनस सर्वांत शेवटी. फ्यूज उडाला तर त्याच मापाचा बसवा. तारेचा तुकडा किंवा सिगारेटची चांदी लावणे म्हणजे आगीला आवतण देणे. ट्रॉलीला किंवा ट्रॅक्टरला वेल्डिंग करण्यापूर्वीही बॅटरी याच रीतीने सोडवावी.

जळीत उसाला कपात लागते, वर्षभराच्या कष्टावर पाणी पडते, हे तुम्हा-आम्हाला सांगायला नको. ट्रॅक्टर पेटला तरी कर्जाचे हप्ते थांबत नाहीत. आणि ड्रायव्हर म्हणजे कोणाचा तरी मुलगाच. हे पान फाडून त्याच्या हातात द्या आणि एवढे तरी पाठ करून घ्या : काढताना मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी.